केसरीनाथकाकांची साक्ष

दापोड्याचे केसरीनाथकाका आमच्या दवाखान्यात पेशंट म्हणून कधीच आले नाहीत. ते यायचे साक्षीला. आमच्याकडे नव्या औषधांच्या चाचण्या चालतात; त्यासाठी माणसं घेणं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याला संमतीपत्र वाचून दाखवताना दवाखान्याशी संबंध नसलेला एक माणूस समोर लागतो. पेशंटला सगळं समजलंय आणि तो आपखुशीने तयार झालाय, असं या साक्षीदाराने सही करून सांगायचं. असा शहाणा आणि रिकामा माणूस भिवंडीत कुठून आणणार? काका मिळाले, कारण त्यांच्याकडे वेळच वेळ होता.

शेतावर गोदाम उभं राहिलं, भाडं सुरू झालं, मुलगा ठाण्याला गेला, काकी वारल्या. दुमजली बंगल्यात काका एकटे. कंपाउंडबाहेर दिवसभर ट्रक, पण ड्रायव्हर परमुलखातले. गेट कुठे एवढं विचारून पुढे जायचे. मी बोलावलं की काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर. सही झाली तरी उठायचे नाहीत. चहा घ्यायचे, माझ्या आईची चौकशी करायचे, मग वॉचमनच्या आईची. कामं खोळंबायची, वैताग यायचा. पण "निघा आता" म्हणायला जीभ रेटत नसे.

आमचे डॉक्टर मितेश सर वाईट नाहीत, हे आधीच सांगते. फक्त त्यांचं मत ठाम. "मनाली, पेशंटचा डॉक्टरवर विश्वास असतो, तीच त्याची संमती. बाकी कागद वरच्यांसाठी." आमच्या धंद्यातले बरेच जण असंच मानतात, सर बोलून दाखवतात एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात अकलोलीकडच्या पाड्यावरची धाकली नावाची बाई आली. साठीची, एकटी, गुडघे सुजलेले. सांधेदुखीच्या गोळीची चाचणी होती. मी सगळं वाचून दाखवलं. कदाचित खरी गोळी मिळेल, कदाचित औषध नसलेली. लिव्हरला त्रास होऊ शकतो. नको वाटलं तर कधीही सोडता येईल, नेहमीचे उपचार चालूच राहतील. धाकली प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"काय समजलं, तुझ्या तोंडानं सांग," काका म्हणाले.

तिने सगळं बरोबर सांगितलं, औषध नसलेल्या गोळीसकट. सरांनी काकांपुढे पेन धरलं.

"मंग तरी घेतेस कशाला?" काकांनी सहज विचारलं.

"ही बाय दर आठवड्याला फोन करनार हाय ना," धाकलीने माझ्याकडे बोट केलं. "कशी हायस म्हून. मना कोन इचारतं?"

सर हसले. "बघा, आपखुशीने. करा सही." नियमात काही चूक नव्हती. चाचणीला माणसं कमी पडत होती. मलाही वाटलं, करून टाकावी.

काकांनी पेन खाली ठेवलं. "फोन मी करीन तुला. गोळी न घेता. आता सांग, गोळी पायजे?"

धाकली म्हणाली, "मंग गोळी कशाला?"

"काका, तुम्हाला साक्षीला बोलावलं होतं, पेशंट फोडायला नाही," सर कडाडले. तरी धाकलीला नेहमीची औषधं त्यांनी नीट लिहून दिली. काका चहा न घेता निघून गेले.

आता निजामपुऱ्यातला एक दुकानदार साक्षीला येतो. ऐकतो, सही करतो, गाडीला किक मारतो. सर खूश आहेत.

काका मात्र धाकलीला फोन करतात. फोन तिच्या पुतण्याचा, भरतचा. तो कामावर असला की बोलणं होत नाही. हे त्यांनीच मला सांगितलं. "काय काम निघालं का?" असं विचारायला ते मला फोन करायचे, आणि मी दर वेळी "नाही काका" म्हणायचे.

परवा त्यांनी कामाचं विचारलंच नाही.

"ती सांधेदुखीची चाचणी चालू हाय ना अजून?"

"आहे की. का?"

"मला घे त्यात. माझेपण गुडघे दुखतात हल्ली."

काकांचे गुडघे ठणठणीत आहेत. कशाला घेता, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. तेच माझं काम. पण त्यांच्या तोंडून उत्तर ऐकायची माझी हिंमत झाली नाही.