कुमाररावांनी न ऐकलेल्या कविता

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळात कविता न करणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. स्नेहसंमेलनात माइक मोकळा दिसला की डॉक्टर काय, इंजिनिअर काय, सगळे खिशातून कागद काढायचे. खरी कवयित्री मात्र मागच्या रांगेत, मसालेभाताच्या पातेल्याजवळ ओठ मिटून बसलेली असायची. सुहासिनीबाई. तीस वर्षं लिहीत होत्या आणि एक कविता एका माणसाला दाखवली असेल तर शपथ. नवऱ्यालासुद्धा नाही!

हे खूळ डोक्यात घातलं एका अमेरिकन बाईनं, आणि तीही केव्हाच वारलेली. सुहासिनीबाई लग्न होऊन इथं आल्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला लागल्या. परत आलेली पुस्तकं जागेवर लावता लावता एकोणिसाव्या शतकातल्या त्या कवयित्रीचं पुस्तक हाती लागलं. एवढ्याएवढ्याशा कविता, मध्येच तुटलेल्या, आडव्या रेघांनी भरलेल्या. प्रस्तावनेत लिहिलं होतं की बाई वडिलांचं घर सोडून कुठं जायची नाही, जिवंतपणी मोजक्याच कविता छापल्या गेल्या, बाकीचा ढीग मेल्यावर बहिणीला सापडला. झालं! पुढच्या कवींनी त्या बाईकडून काय काय उचललं. कुणी आखूड ओळ घेतली, कुणी रेघा, कुणी मरणाशी घरच्यासारखं बोलणं. आमच्या सुहासिनीबाईंनी नेमकी बंद खोली उचलली.

"तिनं कुणाला दाखवल्या नाहीत, मग मी कोण मोठी लागून गेले?" असं त्या स्वतःला बजावायच्या. खरं सांगायचं तर बाई घाबरत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आणि नवरा कसा मिळालेला? कुमारराव म्हणजे नागपूरचा दिलदार गडी. मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते, आता रिटायर झालेले. मंडळातल्या रटाळातल्या रटाळ कवितेलाही टाळ्या वाजवून हात लाल करून घ्यायचे. घरी आले की बायकोच्या मागं लागायचे.

"सुहास, चार ओळी तरी वाच ना गं."

"अहो, अजून झाली नाहीये."

"तीस वर्षं शिजतेय, बाप्पा! करपेल ना आता."

हसून बोलायचे, पण मग पेपर उघडून एकच पान पुन्हा पुन्हा चाळायचे. ते सुहासिनीबाईंना दिसायचं, लागायचंही. तरी बाई ढिम्म.

दोन हजार सहाच्या जानेवारीत गावच्या वाचनालयात त्या कवयित्रीवर कार्यक्रम झाला. बोलायला आरोही होती, विद्यापीठात साहित्यात संशोधन करणारी पोरगी. कार्यक्रम संपल्यावर सुहासिनीबाई कौतुकानं तिला म्हणाल्या, "काय निग्रह गं तिचा! जन्मभर कुणाला दाखवलं नाही."

"छे हो काकू, टोटल मिथ आहे ते," आरोही म्हणाली. "छापायला नको म्हणायची, दाखवायला नाही. शेकडो कविता तिनं पत्रांतून लोकांना पाठवल्या. सगळ्यात जास्त शेजारच्या घरातल्या वहिनीला. वहिनीला एखादं कडवं आवडलं नाही तर दुसरं लिहून पाठवायची. ऐकणारं कुणीतरी लागतंच ना, काकू!"

सुहासिनीबाई तडक घराकडे निघाल्या. घरी ऐकणारा माणूस जीव टाकून बसला होता, आणि आपण अर्धवट वाचलेल्या प्रस्तावनेवर जन्म काढला! घरी आल्या त्या कोटही न काढता म्हणाल्या, "अहो, मी वाचून दाखवते."

कुमाररावांनी टीव्ही बंद केला. "आत्ता?"

आता म्हणायचं ना हो! जीभ झडली असती का? पण नाही. "रविवारी," बाई म्हणाल्या. "जरा निवडते, नीट लिहून काढते."

कुमारराव लहान पोरासारखे खूश झाले. रविवारी कुणाचा फोन घ्यायचा नाही, असं जाहीर करून टाकलं. शनिवारी सकाळी अंगणातला बर्फ काढताना ते फावड्यासकट कोसळले.

जीव वाचला. पक्षाघातानं भाषा नेली. डॉक्टरांनी समजावलं की आवाज त्यांना ऐकू येतो, माणसं ओळखू येतात, शब्दांचा अर्थ मात्र पोचत नाही. बोलण्यातला एकच शब्द उरला होता, "छान". पाणी दिलं तरी छान, इंजेक्शन टोचलं तरी छान.

एप्रिलमध्ये ते घरी आले. सुहासिनीबाईंनी खुर्ची त्यांच्या पुढ्यात ओढली, कागद काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली कविता मोठ्यानं वाचली. त्यांच्यावरचीच होती ती. पहिल्या हिवाळ्यात विमानतळावर त्यांनी स्वतःचे हातमोजे काढून हिच्या हातांत चढवले होते, त्याची. कुमारराव बायकोच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.

"छान," ते म्हणाले.

बाईंनी पदर तोंडात कोंबला. देवा, एक रविवार लवकर का नाही मी तोंड उघडलं! मग डोळे पुसून त्यांनी दुसरी वाचली, तिसरी वाचली. मुद्दाम एक कच्ची, फसलेली कविताही वाचली, आणि कागद खाली करून, आता तरी नाक मुरडतील या आशेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"छान," कुमारराव म्हणाले.