उस्तादाचा बिल्ला

त्या दिवशी सकाळी मी आन माझी बायको रानात बोटं मोजत होतो. हसायचं तर हसा. दुसऱ्या दिवशी माझी लायसनची परीक्षा होती आन लायसनला डोळं तपासतात. दवाखान्यातल्या पाटीवरची अक्षरं उर्दू, मला मराठीच कसंबसं येतं. ज्याला उर्दू येत न्हाई त्याच्यासमोर कोतवालीचा, म्हंजे पोलीस ठाण्याचा, एक शिपाई लांब जाऊन उभा राहायचा आन हात वर करून बोटं दाखवायचा. किती बोटं ते सांगायचं. एकदा हा डोळा झाकून, एकदा तो. म्हणून ती बोरीखाली बांधावर उभी, पदर खोचून, आन मी इकडं विहिरीपाशी, एका डोळ्यावर तळहात ठेवून.

"किती?"

"दोन."

"आन आता?"

"दोनच. तिसरा आंगठा हाय. त्याला बोटात धरत न्हाईत."

"कावून? तो काय सावत्र हाय?"

लई हसली. मग तिनं हात मागं नेला, बराच वेळ उगाच चुळबुळ केली आन परत वर केला. "सांगा आता."

"एकबी न्हाई. मूठ हाय."

"हां! आता लायसनच्या साहेबाचा बापबी फसवणार न्हाई तुमाला." मग खाली उतरता उतरता म्हणाली, "तुमच्या उस्तादाला उभं करा एकदा माझ्यासमोर. मूठ दावली तर चार म्हनंल."

मी तिच्यावर वरडलो. उस्तादाबद्दल असं बोलू नये म्हणलो. ती म्हणाली, "खरं हाय का न्हाई तेवढं सांगा." भाकरी फडक्यात बांधून घेतली आन मोटारीवर गेलो. आमचं दोघांचं सरळ बोलणं तेवढंच शेवटचं.

तिचं म्हणणं खरं होतं. ते माझ्याशिवाय आन तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

निजामाचं राज्य होतं. चौसाळ्याहून बीडला जाणारी आमच्या मालकाची एकच सर्व्हिस मोटार होती. सकाळी एक खेप, दुपारी एक. उस्ताद चालवायचे, मी किलींडर. हँडल मारून मोटार चालू करायची, पाणी भरायचं, टपावर गाठोडी चढवायची, चढाला चाकामागं दगड लावायचा. भाड्याची मोटार चालवणाऱ्याला नुसतं लायसन असून भागत नव्हतं, दंडावर पितळी बिल्ला लागायचा. उस्तादांचा बिल्ला मी रोज चिंचेनं घासायचो. गावात तहसीलदार आला तरी लोक जेवढं उठून उभं राहत न्हाईत, तेवढं त्या बिल्ल्यासाठी राहायचे.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा रीतसर शागिर्दी केलती. नारळ फोडला, पेढं वाटले, त्यांनी माझ्या मनगटाला धागा बांधला आन स्टेअरिंगला हळदकुंकू लावून मला त्याच्या पाया पडायला लावलं. शागिर्दानं उस्तादाच्या जागेवर न सांगता बसायचं न्हाई, त्यांच्या आधी घास घ्यायचा न्हाई, आन त्यांचं उणं चारचौघांत तोंडातून काढायचं न्हाई. ही रीत होती आन मी ती पाळली.

त्यांच्या डोळ्यांत सारा आलता. बुबुळावर दुधाची साय धरावी तसं झालतं. उन्हाच्या वेळी तर रस्ता नुसता पांढरा दिसायचा त्यांना. पण रस्ता पाठ होता. जे पाठ नव्हतं ते मी सांगायचो. त्यांच्या डाव्या अंगाला बसायचो आन हळूच बोलत राहायचो, सवारीला वाटावं की उस्ताद-शागिर्दाच्या गप्पा चालल्यात. "म्हशी हायेत. उजवीकडून घ्या. खड्डा आला. आता मोकळं हाय." अशी आमची मोटार चालायची. दर साली त्यांच्या लायसनवर नवा शिक्का पडायचा. त्यांना सगळं बीड ओळखत होतं, डोळं कोण तपासतंय!

आन म्हणूनच मला लायसन मिळत नव्हतं. वयाचं झालं होतं. पोलीस पाटलाचा चालचलणुकीचा दाखला होता. हातपाय धड असल्याचा दवाखान्याचा कागद होता. राहिलं एकच. ज्याच्या हाताखाली शिकलास त्या बिल्लेवाल्यानं साहेबासमोर उभं राहून सांगायचं की हा माणूस तयार हाय. उस्ताद म्हणायचे, "पुढल्या बारीला जाऊ बे, घाई काय हाय?" अशा कितीतरी बाऱ्या गेल्या. मी गेलो तर ते आंधळे, एवढा साधा हिशेब होता. ती मला म्हणायची, "साहेबाला सांगून टाका की खरं काय ते." मी म्हणायचो, उस्ताद बापाच्या जागी असतो. शेवटी मालकानं दुसरी मोटार घ्यायचं ठरवलं, त्याला दुसरा डायवर पाहिजे होता, म्हणून त्यानंच उस्तादांना दम भरला आन तारीख पक्की झाली.

सकाळची खेप करून आलो. मोटार लिंबाखाली उभी केली. उस्ताद हाटेलात बाकड्यावर आडवे झाले. तेवढ्यात शेजारची मावशी पळत आली. बैलांना कडबा काढायला माझ्या बायकोनं गंजीत हात घातला आन घोणस चावली.

घरी गेलो तर हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा. शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, "मोटार हाय न्हवं?" तिला वाटलं, मोटारवाल्याची बायको हाय, आपल्याला कसली भीती. बीडच्या दवाखान्यात सापाच्या विषावर सुई असती असं मी ऐकून होतो. असती का न्हाई, मला आजबी ठाऊक न्हाई. पण मोटारीनं दीड तासात बीड होतं एवढं ठाऊक होतं.

हाटेलात जाऊन मी त्यांचे पाय धरले, बायकोला घोणस चावली, बीडला न्यायचं म्हणलो.

"उठ बे," उस्ताद म्हणाले. "दुपारच्या खेपेला तहसीलचे कारकून हायेत. त्यांना सोडून मोटार कशी काढू?"

"त्यांना पुढच्या खेपेला न्या. उस्ताद, जीव हाय."

"सवारी भरल्याबिगर मोटार हालत न्हाई. मालकाचा हुकूम हाय, तुला काय नवा हाय का?"

"मग मला न्हेऊ द्या. मी एकटा घेऊन जातो."

ते उठून बसले. "लायसन हाय का तुझ्याकडं? बिल्ला हाय? वाटंत कोतवालीनं धरलं तर माझा बिल्ला जाईल. तुझं उद्या हाय ना? उद्या चालव."

हे त्यांचे शब्द. एकही माझ्या पदरचा न्हाई. मी मोटारीकडं पळालो तर हँडल जागेवर नव्हतं. मागं बघितलं. त्यांनी ते आधीच आणून बाकड्याखाली ठेवलं होतं आन त्यावर पाय ठेवून बसले होते.

मी बैलगाडी जुंपली. मावशीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बैलगाडीनं बीडला जायला दिवस जातो, ते मला कळत नव्हतं असं न्हाई. पण घरी बसून काय करणार? बैलांना मारत सुटलो. ती म्हणाली, "मारू नका वो त्यांना." मग तिला उलटी झाली, मग हिरड्यांतून रगत यायला लागलं, मग ती काही बोलली न्हाई.

वाटेतला घाट अजून लांब होता तेव्हा मागून हॉर्न आला. आमचीच मोटार. हॉर्न एकसारखा दाबलेला. माझ्या जागेवर एक कारकून बसलेला. किलींडरच्या अंगात भिनलेलं असतं, हॉर्न ऐकला की गाडी बाजूला. मी कासरा ओढला आन गाडी बाजूला घेतली. मोटार चाकाला घासून गेली. थांबली न्हाई. सगळा फुफाटा तिच्या तोंडावर आला. मी फडक्यानं तिचं तोंड पुसलं, तर ओठांवरची माती ओलीच होत न्हाई. तवा कळलं, श्वास न्हाई.

उस्तादांना मी दिसलोच नसेन. हे मला पटतं. दिसलो नसेन म्हणून माफ करावं असं मला पुष्कळ जणांनी सांगितलं. बाकड्यापाशी पाय धरणारा माणूस तर दिसला होता ना?

इथून पुढं लिहिताना मी त्याला अहोजाहो करणार न्हाई.

गाडी माघारी वळवली. दिवस मावळायला सरण पेटलं. मोटार परत गावात शिरल्याचा हॉर्न आला तेव्हा मी जाळाकडं बघत होतो. लोक म्हणाले, "रड रे, मोकळा हो." मला रडू येत नव्हतं. माझ्या डोक्यात सकाळची मूठ होती. बोरीखाली वर केलेली.

आजवर माझं सगळं आयुष्य मोटारीवर गेलं. दुसरी बायको केली न्हाई. ती गेल्यापासून भाकरीची चव मला ठाऊक न्हाई, पोट भरतं एवढंच. तेव्हा हे मी काय मन हलकं करायला लिहीत न्हाई. मी जे केलं ते मला परत करायला मिळालं तर परत करीन, म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारीवर गेलो. सुतकात. अंगावर कालचंच धोतर. लोक बाजूला सरले. तो लिंबाखाली उभा होता, त्याला मी आवाजावरून कळलो.

"बाई गेली म्हणं," तो म्हणाला. "बरं न्हाई झालं. आज राहू दे बे, सुतकात हाईस तू. साहेबाला मी सांगतो."

"तारीख हाय, उस्ताद," मी म्हणलो. "तुमी तेवढं चला."

हँडल मारलं. डाव्या अंगाला बसलो. त्याला वाटलं असेल, आज हा गप बसेल. मी गप बसलो न्हाई. बीडपर्यंत सांगायचा एकबी शब्द राहू दिला न्हाई. म्हशी सांगितल्या, खड्डे सांगितले, घाटातली समोरून येणारी गाडी सांगितली. त्या दिवशी मी त्याला नेलं तसं कधीच नेलं नसेल. वाटेत कालची जागा आली तेव्हाबी म्हणलो, "मोकळं हाय." मला तो साहेबासमोर धडधाकट पाहिजे होता.

कोतवालीच्या मैदानात साहेब खुर्चीवर बसले होते. भोवती टांगेवाले, शिपाई, कचेरीतली रिकामी माणसं. माझे कागद बघितले. मी दोन्ही डोळ्यांनी बोटं ओळखली. मोटार पुढं नेली, वळवली, दोन दगडांच्या मधून मागं आणली. साहेबांनी विचारलं, "उस्ताद कौन है इसका?"

तो पुढं झाला. छाती काढून, बिल्ला चमकवत. काल मीच घासलेला. "माझा शागिर्द हाय, हुजूर. तयार हाय."

"पास," साहेब म्हणाले. कारकुनाला म्हणाले, कागद आजच दे, बिल्ला मागून येईल, तोवर कागदावर चालवू दे.

मी हात जोडले. म्हणलो, "साहेब, एक अर्ज हाय. माझे डोळे बघितले तसे उस्तादांचेबी बघा."

कुणीतरी हसलं. साहेबांना आधी मस्करी वाटली. मग त्यांनी माझ्या धोतराकडं बघितलं, तोंडाकडं बघितलं आन हसायचे थांबले. "बघू," म्हणाले.

शिपाई निघाला, त्याला मी म्हणलो, मी जातो. साहेबांनी मान हलवली. मी मैदानाच्या त्या टोकाला, लिंबापाशी गेलो. फार लांब न्हाई. बोर आन विहिरीच्या मधी होतं तेवढंच. वळलो आन हात वर केला. मूठ.

"कितनी उंगलियाँ?" साहेबांनी विचारलं.

त्यानं आधी डावीकडं मान केली. मी जिथं बसायचो तिकडं. कान देऊन उभा राहिला. मी सांगायची वाट बघत होता तो.

"तीन," तो म्हणाला.

टांगेवाले एकमेकांकडं बघायला लागले. साहेब उठून उभे राहिले. "नीट बघ."

"दोन, हुजूर. दोन हायेत."

मी हात खाली केला न्हाई. साहेब त्याच्यापाशी गेले, त्याची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं केलं आन डोळ्यांत बघितलं. मग म्हणाले, बिल्ला काढ.

सवारीच्या जिवाची काळजी म्हणून मी हे केलं असं पुढं काही लोक म्हणाले, माझं कौतुक झालं. ते खोटं हाय. सवारीची काळजी असती तर मी आधीच सांगितलं असतं.

बिल्ल्याचा पट्टा त्याच्या दंडाला घट्ट होता. त्याला बकल सापडेना. कुणी पुढं होईना. मी मैदान ओलांडून गेलो, मनगटावरचा शागिर्दीचा धागा दातांनी तोडला आन त्याच्या दंडावरचं बकल सोडलं. बिल्ला कारकुनाच्या टेबलावर ठेवला.

त्यानं माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. लोकांना ऐकू जाऊ नये अशा हळू आवाजात म्हणाला, "बे, मला गावाकडं ने आता. लगेच ने."

मी हँडल उचललं आन मोटारीकडं निघालो.

"बसा तिकडं सावलीत," मी म्हणलो. "सवारी भरल्याबिगर मोटार हालत न्हाई."