अठ्ठावीस इंच छाती

मी मूळचा वऱ्हाडातला, मेहकरकडचा. वडील गेले आणि मी त्यांचं शिलाई मशीन बैलगाडीत घालून बहिणीच्या आधारानं चारठाण्याला आलो, तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. वऱ्हाडात इंग्रजाचा अंमल, चारठाण्यात निजामाचा. त्यामुळं दोन दिवसांच्या वाटेवरून आलेला मी सरकारच्या लेखी परमुलखातला, गैरमुल्की ठरलो. गावाला त्याचं काही नव्हतं. त्यांना पैरण नीट शिवून मिळाली म्हणजे झालं.

लढाईचे दिवस होते. एका सकाळी दवंडी आली : "अठरा ते तीस वर्सांच्या, भाईरच्या मुलखातून आलेल्या गड्यांनी जिंतूरच्या कचेरीत जाऊन नाव, उंची आन् छाती लिवून द्यावी होऽ!"

नाव ठीक होतं, उंचीही एकवेळ ठीक. घात केला तो छातीनं.

"सरकारला छाती कशापायी लागती?" दाजी म्हणाले. "फौजेपायी. ब्रह्मदेशात धाडतेत धरून."

"ब्रह्मदेश कुठं हाय?" आक्कानं विचारलं.

"लय लांब."

"जिंतूरच्या पल्याड?"

"लय पल्याड."

"मग जायाचं न्हाई," आक्का म्हणाली आणि विषय तिच्यापुरता मिटला.

दवंडी मात्र मिटत नव्हती. कुणीतरी सांगितलं, तीस इंचाच्या आत छाती असली की फौज सोडून देते. माझी एकतीस होती. शिंप्याला स्वतःची छाती पाठ असते. आक्कानं लगेच माझं खाणं तोडलं. सकाळी अर्धी भाकरी, संध्याकाळी पातळ आंबील. पण शेजारच्या काकूला माझी दया यायची. ती कुडावरून गुपचूप धपाटे द्यायची आणि मी ते मशीनमागं बसून खायचो. चौथ्या दिवशी आक्कानं समोर उभं राहून माप घ्यायला लावलं. एकतीस, वर एक दोरा.

मग दाजींनी लंगडण्याचा बेत काढला. अंगणात सराव सुरू झाला आणि बघायला निम्मी आळी जमली.

"उजवा पाय वढ की, डावा कशाला वढायलास?"

"काल डावाच होता!"

शेवटी डावा ठरला. जिंतूरला गाडीतून उतरलो तो डावा पाय ओढतच कचेरीच्या ओसरीवर चढलो. तिथं माझ्यासारखे चौघं आधीच बसले होते : एक कासार, एक हलवाई, ढेरी सुटलेला एक पैलवान आणि एक तरणाबांड मेंढपाळ. पेशकार, म्हणजे कचेरीतले कारकून, चष्म्यावरून आमच्याकडं बघत होते. शिपायानं मापाची फीत आणली, तर तिचा निम्मा भाग उंदरांनी खाल्लेला.

पेशकारांची नजर माझ्या गळ्याकडं गेली. सवयीनं माझी फीत गळ्यातच राहिली होती.

"दर्जी हाय का रे तू?"

"जी."

"मग तूच घे सगळ्यांची मापं. मोठ्यानं सांग, मी लिवतो."

मी आधी कासाराला फीत लावली. त्यानं छातीतला सगळा श्वास सोडला आणि पुटपुटला, "भाऊ, घरी लेकरं हायती."

"अठ्ठावीस!" मी ओरडलो.

हलवायानं नुसते हात जोडले. त्याचीही अठ्ठावीस. मग पैलवान आला. त्याच्याभोवती फीत पुरवायला मला दोनदा फिरावं लागलं. त्यानं माझ्याकडं असं काही पाहिलं की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अठ्ठावीस."

पेशकारांनी टाक खाली ठेवला, पैलवानाकडं पाहिलं, पुन्हा उचलला. लिहिलं मात्र नाही.

शेवटी मेंढपाळ. "अठ्ठावीस," म्हणताच त्यानं माझं मनगट धरलं.

"थांब. नीट माप."

"अरे, वाचवायलोय तुला," मी हळूच म्हणालो.

"तुला कुनी सांगितलं वाचव म्हनून? मला फौजेत जायचंय."

मी नीट मापलं. छत्तीस भरली. मेंढपाळ पेशकारांकडं वळला, "लिवा सायेब. कवा निघायचं?"

पेशकारांना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "कोनती फौज? अरे, हा हुलिया हाय, हुलिया! मानूस दिसायला कसा, ते लिवून ठेवायचं. उद्या बाहेरचा कुनी हरवला, पळाला, तर वळखायचा कसा? फौजेत जबरदस्ती न्हाई. ज्याला जायचंय त्यानं परभनीला भरतीवाल्याकडं जावं."

मग पैलवान घसा खाकरून म्हणाला, "सायेब, तेवढी माझी छाती नीट लिवा. अठ्ठावीस म्हनून गावात कळालं तर तोंड कुठं दाखवू?"

सगळ्यांची मापं नव्यानं घेतली. आता जो तो छाती फुगवायला लागला. कासार तर चवड्यांवर उभा राहिला. माझी पाळी आली तेव्हा पेशकार म्हणाले, "आन् तुझा पाय? मघापासून दोन्ही पायांवर पळायलास."

"बरा झाला, सायेब."

त्यांनी मान हलवली आणि ओळखीच्या खुणेच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. पुढं कितीतरी वर्षं तो कागद माझ्याजवळ होता. उर्दू येणाऱ्या एकानं वाचून दाखवलं : कधी कधी लंगडतो.

परतताना मेंढपाळ आमच्याच गाडीत बसला. तो चारठाण्याजवळच्या एका वस्तीवर राहायचा. मागं सरणारी वाट बघत बसला. मग म्हणाला, "सारा जलम मेंढरं न्हेतील तिकडं गेलो. एकदा मानसांनी कुठंतरी न्यावं वाटतं."

मला माझ्या अठ्ठावीसची लाज वाटली. मी चार दिवस बसून त्याला जाड कापडाची पैरण शिवून दिली, छातीत दोन बोटं सैल. ती घालून तो परभणीला गेला आणि भरती झाला.

लढाई संपल्यावर तो परत आला. अंगानं वाळला होता, मिशी आली होती. दारात बसून आधी दोन पेले चहा प्याला.

"काय काम दिलं रे फौजेत?" दाजींनी उत्सुकतेनं विचारलं.

"खेचरं," तो म्हणाला. "मेंढरं वळली म्हनल्यावर सायबानं खेचरंच दिली. तीन सालं त्यांच्याच मागं."

आक्काला हसू आवरेना. तोही हसायला लागला. पुढं त्यानं झरीच्या बाजारात चहाचं दुकान टाकलं. चहा बेताचाच करायचा, पण गिऱ्हाइकाला "इथं बस, तिथं बस" असं मोठ्या रुबाबात सांगायचा. लोक निमूट बसायचे आणि तो समाधानानं किटली उचलायचा.