बरणीतला दिवा आणि अर्धी वीट

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवर मी आजवर फक्त कमेंटमध्ये भांडायला आलोय, जुन्या मेंबर लोकांना ठाऊक आहे. श्रीरामपूरला माझं मिक्सर, पंखे, मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानाचा नियम एकच — करंट असेल तर दिवा लागतो, नसेल तर लागत नाही. मध्ये तिसरं काही नसतं... असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगायचो.

माझी सासुरवाडी बेलापूर. गावाला लागून प्रवरा, आणि बंधाऱ्याच्या थोडं वरच्या अंगाला, बाभळींच्या मागे एक डोह. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, साखर कारखान्यातून रिटायर झाल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी तिथे गळ टाकून बसायचे. वाम, म्हणजे तो सापासारखा लांबट मासा, धरण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. मला त्यांनी दोनदा सोबत नेलं, तिसऱ्यांदा नेलं नाही. कारण मी बोलतो. आता माणूस म्हटल्यावर बोलणारच ना! पण मासे धरताना कोणी तोंड उघडलं की मामा काही म्हणायचे नाहीत, नुसता टॉर्च दोनदा तोंडावर मारायचे. चमक, चमक. म्हणजे गप बस. मला त्या दोन खेपांत इतके टॉर्च बसले की घरी येईपर्यंत डोळ्यांपुढे काजवे.

मामा गेले आणि सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, मासा सोडला. नवस नाही, व्रत नाही, नुसती वासनाच उडाली. अर्धी भाकरी कुस्करायची आणि ताट सरकवायचं. बाजारातून मी चांगला रोहू नेला तर त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हा बर्फातला. ह्याला नदी ठावं तरी हाय का?" दिवसेंदिवस नुसत्या वाळत चालल्या होत्या. माझी बायको सुनीता माहेरून आली की मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने रडायची. मला ते बघवेना.

सासरची माणसं ख्रिस्ती; मामांना जाऊन वर्ष होत आलं म्हणून घरी वर्षाच्या प्रार्थनेची तयारी चालली होती तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, "प्रार्थनेच्या जेवणाला मामांच्याच डोहातली वाम आणतो. मी. स्वतः." सगळे हसले. सुनीता सगळ्यात जास्त हसली.

मग मीही पेटलो. मोबाईलवर बघितलं होतं — पाण्यावर हिरवा दिवा सोडायचा, उजेडाला किडे येतात, किड्यांना चिंगळ्या, चिंगळ्यांमागे मोठा मासा. साधं गणित. लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी घेतली. हिरवी एलईडी पट्टी हवी होती, ती मामा नाताळात ओसरीवर टांगायचे त्या चांदणीतून काढली. मामींना विचारूनच काढली बरं का! "न्या," म्हणाल्या, "आता ती लावनार तरी कोन?" पट्टी बरणीच्या तळाला आतून चिकटवली, गळ्याभोवती थर्माकोलची कडी घातली, झाकणावर बटण बसवलं. करंटसाठी जुन्या लॅपटॉपच्या सेलचा पॅक, वरून काळी टेप. तो चार्जिंगला लावला आणि तोवर बरणी सरळ तरंगते का बघायला तेवढ्याच वजनाची अर्धी वीट काळ्या टेपात गुंडाळून आत टाकली. पिंपात सोडली. काय तरंगली म्हणता! बदकासारखी.

माझा मेहुणा सॅमू मदतीला होता. तिशीचा घोडा, पण मदत करायला लागला की छातीत धडकी भरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

प्रार्थनेच्या आदल्या संध्याकाळी निघालो तर मामी चपला घालून दारात उभ्या. "मी येनार. जागा मलाच ठावं हाय." सॅमूच्या डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची, माझ्या हातात बरणी, मध्ये शाल पांघरलेल्या मामी — वरात निघाली. अंधार पडला होता, पण गावातल्या टीव्हीचे आवाज डोहापर्यंत ऐकू येत होते, म्हणजे वातावरण काही भुताटकीचं वगैरे नव्हतं. बटण दाबलं, दोरी बांधून बरणी सोडली. आहाहा! सगळा डोह हिरवागार. गळाला गांडूळ लावलं आणि मी सॅमूला एलईडीचं शास्त्र समजावायला घेतलं.

दिवा दोनदा मिचकला. चमक, चमक.

"लूज कनेक्शन," मी म्हणालो आणि पुढे चालू. परत चमक, चमक. सॅमूने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. मामी खुर्चीत टेकून बसल्या होत्या आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं. "सोल्डरिंग कच्चं राहिलं असेल रे," मी म्हणतोय तोवर माझा फोन वाजला. सुनीता.

"अहो, तुमचं ते काळं डबडं इथं चार्जिंगलाच हाय. लई तापलंय. काढू का?"

मी बरणीकडे पाहिलं. बरणी झगझगत होती.

"सॅमू," मी हळूच विचारलं, "झाकण कोणी बंद केलं?"

"मीच की! दुपारी तुमी जेवत व्हता. एम-सील लावून पॅक केलं, पानी जायला नको म्हनून."

"आतलं काढून बॅटरी टाकली होतीस का?"

"आत हुतं ना काळं काईतरी..."

लोकहो, आत वीट होती! अर्धी वीट! सॅमूने "येशू, येशू" म्हणत मामींच्या खुर्चीमागे दडी मारली. मी विटेवर काहीतरी बोलू लागलो तर परत चमक, चमक, आणि मामी शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, लागलाय ना दिवा? मग बसा की गप."

बसलो. जन्मात पहिल्यांदा. आणि थोड्या वेळाने गळाला असा हिसका बसला की मी पुढच्या पुढे गुडघाभर पाण्यात. वाम! हाताएवढी लांब, काळीशार, वळवळणारी. मी नाचलोच.

"सोडा तिला," मामी म्हणाल्या.

"काय?"

"पयला मासा नदीचा. यांचा नेम व्हता, तुमाला ठावं न्हाई?"

"मामी, ही माझी आयुष्यातली पहिली वाम आहे! परत मिळेल न मिळेल. उद्या तुमच्या ताटात काय वाढू, थर्माकोल?"

दिवा विझला. मिचकला नाही, पार विझला. अंधारात फक्त वामेची वळवळ आणि सॅमूचा येशू. खरं सांगतो, तेव्हा भीती नाही वाटली, रडू आलं. एवढा आटापिटा केला तो ह्या बाईने चार घास खावेत म्हणून, आणि हातात आलेलं सोडायचं? पण नेम तो नेम. "घ्या मामा, तुमची तुम्हाला," असं चिडून म्हणालो आणि सोडून दिली.

दिवा लागला. मी परत गळ टाकला आणि तोंडाला कुलूप लावलं. त्यानंतर दोन वामी लागल्या, दोन्ही पहिलीपेक्षा मोठ्या. बरणी पाण्याबाहेर काढली तशी विझली, ती विझलीच. घरी येऊन बरणी कापली. आत वीट, पट्टीच्या दोन्ही वायरी उघड्या, कशालाच जोडलेल्या नाहीत. मी विटेला मीटर लावून बघितला. हसू नका. शून्य.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, पंगत बसली. मामींनी वामेचं कालवण भाकरीत कुस्करलं, काटा न काटा चोखून काढला आणि म्हणाल्या, "सुनीते, अजून एक भाकर आन गं." सुनीता भाकरी आणायला आत गेली ती लवकर बाहेरच येईना. या खेपेला मोरीत मीपण होतो.

सुनीताला मी सगळं तीनतीनदा सांगितलं. तिचं म्हणणं एकच — "विटेवर दिवा लागला ते ऱ्हाऊ द्या. तुमी खरंच गप बसला व्हता?" हेच तिला जास्त अमानवीय वाटतं.

पट्टी मी परत चांदणीत बसवली. नवा अडॅप्टर, सोल्डरिंग दोनदा तपासलेलं. नाताळच्या संध्याकाळी ओसरीवर पाहुणे जमले होते आणि मी त्यांना सांगत होतो की पाण्यातले क्षार, ओलसर वीट, तांब्याच्या वायरी, यातून थोडाफार करंट तयार होऊ शकतो... मला स्वतःला पटत नव्हतं, पण दुकानदारी आहे, काहीतरी सांगावं लागतं. खरं कारण मला आजही माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा, मी भांडणार नाही.

तर मी असा रंगात आलेलो आणि डोक्यावरची चांदणी दोनदा मिचकली.

आतून, चुलीपुढून, मामींचा आवाज आला, "जावईबापू, गप बसा म्हनत्यात."

बसलो.