सुम्ने बसले होते

बोटीचा विषय निघाला की अक्का आधी पदराला ओले हात पुसायची, मग दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवायची आणि म्हणायची, “सुम्ने बसले होते.”

तुम्ही बंगलोरचे नसाल तर सांगते, सुम्ने म्हणजे उगाच, काही कारण नसताना. कानडी शब्द आहे, पण अक्काच्या सासरचे लोक कित्येक पिढ्यांपासून इथले, त्यांच्या मराठीत असले शब्द मीठ विरघळावं तसे विरघळलेले. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “यांच्याबरोबर बोटीवर बसलेली ही सुमन कोण हो?”

बसवनगुडीत आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत होती, आणि भिंतीपलीकडून दिवसभर एकच हाक यायची. अक्का. नवऱ्याला कॉफी हवी, अक्का. दिराचा सदरा सापडत नाही, अक्का. मी शाळेत शिकवायची, हजेरी घेताना मीसुद्धा एक नाव इतक्या वेळा घेत नसे.

पन्नास-साठच्या त्या काळात विलायतेला जाणं म्हणजे केवढी गोष्ट. अक्का गेली ती कशासाठी, तर सुनेच्या बाळंतपणाला. म्हणजे इथली चूल सोडून तिथल्या चुलीकडे. पण मध्ये समुद्र होता, आणि समुद्रावर कोणाला हाक मारता येत नाही.

पहिले काही दिवस उलट्यांत गेले. मग एका सकाळी पाणी शांत झालं आणि वाढप्यानं तिला वरच्या डेकवर नेऊन कापडाच्या लांब खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली. तो गोव्याचा होता. त्यानं सूप आणलं, ते हिनं परत पाठवलं, तर लिंबाचं सरबत आणलं. पिऊन झाल्यावर ही पेला विसळायला उठली.

“तर मला म्हणाला, ‘बस गो माये.’” हे सांगताना अक्काचा आवाज दर वेळी खाली यायचा. “मला म्हणाला गं, बस. मग बसले. संध्याकाळपर्यंत. नुसतं पाणी बघत.”

परत आल्यावर लोक राणीचा वाडा विचारायचे, बर्फ विचारायचे. ही तो एक दिवस सांगायची. दीर हसायचे, “एवढ्या लांब जाऊन बसूनच आलीस होय?” तुम्हीच सांगा, ज्या घरात तिला जन्मभर ‘ऊठ’शिवाय दुसरं क्रियापद ऐकू आलं नाही, त्या घरानं यावर हसावं?

आयुष्यात तिनं एकच वस्तू मागितली. मुलगा सुटीवर आला तेव्हा त्याला म्हणाली, “तशी एक खुर्ची घे मला.” त्यानं घेतली. हिरव्या पट्ट्यांची, व्हरांड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिच्यात अण्णा, म्हणजे तिचे यजमान, पेपर वाचत पसरलेले. ते चांगले होते हो, कधी आवाज चढवला नाही. त्यांना त्याची गरजच नव्हती.

एका दुपारी मी गेले तर अक्का खुर्चीत होती, तळवे उताणे, डोळे रस्त्यापलीकडच्या झाडांवर. फाटक वाजलं. अण्णा आले, खुर्चीशेजारी उभे राहिले आणि नुसते खोकले. ती उठली.

“अण्णा, बाकावर बसा की,” मी म्हटलं.

“अहो टीचर, तिलाच सवय नाही बसायची,” ते म्हणाले, आणि बसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्का मात्र मला आत ओढत म्हणाली, “जाऊ दे गं. स्वल्प बसले तेवढं पुरे.” पुरे कसलं? कढईतलं तेलसुद्धा तापलं नसेल तेवढ्यात.

पुढे अक्का गेली. गेली तीही स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या.

तेराव्याला मी मदतीला गेले. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हताच. जुन्या फोटोतून कापून मोठा केला होता. मूळ फोटोत अण्णा खुर्चीवर आणि ही मागे उभी. म्हणजे फोटोतही उभीच. पण कोणाला तरी बुद्धी सुचली आणि तो फोटो, हार घालून, व्हरांड्यातल्या त्या हिरव्या खुर्चीवर ठेवला. मला बरं वाटलं. म्हटलं, बस बाई आता.

एवढ्यात होसकोट्याचे कोणी नातेवाईक उशिरा आले. बसायला जागा नव्हती. दिरांनी इकडेतिकडे पाहिलं, फोटो उचलला आणि जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवला. “या, बसा,” म्हणाले.

फोटोलासुद्धा उठवलं.

ते गृहस्थ धोतर सावरत होते, तेवढ्यात मी फोटो उचलला आणि खुर्चीत बसले. तो मांडीवर घेतला. आतून हाक आली, “टीचर, वाढायला येता का?” मी गेले नाही. अण्णा उठून आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि खोकले.

“सुम्ने बसलोय,” मी म्हटलं. “दोघी.”