इलारियाची पिंपं

ओरुरोच्या डोंगरात इलारिया चोकेच्या अंगणातल्या तीन पिंपांना सडक्या अंड्यांचा असा वास यायचा, की शेजारी नाक धरून जायचे. कथिलाच्या बंद खाणीतून झिरपणारं लाल, विषारी पाणी ती त्यांत सोडायची. आत गवत, कळपातल्या लामा जनावरांच्या लेंड्या आणि दलदलीतला काळा चिखल. शेवटच्या तोटीतून नितळ पाणी यायचं.

ही युक्ती विद्यापीठातल्या एका पोरीने शिकवली होती. "मावशी, चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. धातूचं विष त्यांनाही बाधतं. पण ते असा वायू सोडतात, की धातू त्याला चिकटून काळा गाळ होऊन तळाशी बसतो." इलारियाला ते जीव तेव्हाच आवडले. जागा न सोडणारी जात!

कारण सरकारी कचेरीला गाव उठवायचं होतं. 'पाणी सुधारणार नाही' या कागदावर त्या वर्षीची गावप्रमुख म्हणून इलारियाचीच सही हवी होती. गुरुवारी कचेरीचा इंजिनियर पिंपं बघायला येणार होता.

बुधवारी ती बाजारातून आली, तर पिंपं लख्ख! नणंद बासिलियाने आतला चिखल फेकून, कॉस्टिक सोडा टाकून घासून काढली होती.

"पाहुणे यायचे, वहिनी, आणि दारात ही घाण?"

"अगं बये, माझे कामकरी मारलेस की!" इलारियाला रडू कोसळलं.

गुरुवारी तोटीतून लालच पाणी आलं. इंजिनियरने कागद पुढे केला. "संपलं, बाई. करा सही."

इलारिया उठून गोठ्यामागे गेली. बासिलियाने फेकलेल्या चिखलाचं एक मोठं ढेकूळ तिने उचलून आणलं आणि त्या कागदावरच फोडलं. वरून वाळलेलं, आत ओलं, काळंकुट्ट. वासाने इंजिनियर खोकत मागे सरला.

"वरचे गेले असतील. आत दडलेत ते मला पुरे आहेत. महिन्याने या. आणि हा कागद आता राहू दे इथंच, तुमच्या बॅगेला वास लागेल."

तिने सगळा चिखल परत भरला. नवं गवत घातलं, लेंड्या घातल्या, झाकणं घट्ट बसवली. बासिलिया मान खाली घालून पाट्या वाहत होती. पंधरा दिवस काहीच नाही. एकोणिसाव्या सकाळी बासिलियाच ओरडत आली, नाक धरून, डोळ्यांत पाणी.

"वहिनी, आला गं वास!"

महिन्याने इंजिनियरने तोटीच्या नितळ पाण्यात आपलं यंत्र धरलं, आकडा बघितला, परत बघितला. मग जरा नरमून त्याने विचारलं, "बाई, तो कागद कुठाय?"

इलारियाने बोट दाखवलं. मधलं पिंप डगमगत होतं. कागदाची घडी करून तिने त्याच्याखाली सारली होती.