बॅच नंबर सतरा

ती बाटली अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अंगठ्याएवढी, काचेची, घट्ट बुचाची. एक गृहस्थ ती स्टीलच्या डब्यात, कापसात गुंडाळून घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बनशंकरीहून ट्रॅफिक तुडवत व्हाइटफील्डच्या आमच्या पोलीस ठाण्यात आले होते. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मूळचे साताऱ्याकडचे. टेबलावरच्या पाटीवरचं माझं मराठी आडनाव वाचून ते मराठीतच बोलू लागले.

“साहेब, मुलगी इथेच नोकरीला आहे. काल ऑफिसच्या कॅबमध्ये बसल्या बसल्या तिला उलट्या झाल्या, मग झटके आले. आयसीयूत आहे. हे तिच्या पर्समध्ये सापडलं.” जरा थांबून ते म्हणाले, “आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कोणी खात नाही हो.”

ई-सिगारेटमध्ये भरायचं लिक्विड होतं ते. देशात बंदी आहे, पण बंदी म्हणजे माल मिळत नाही असं नाही. माल तपासणारं कोणी उरत नाही, एवढाच फरक. हॉस्पिटलचा मेमो आमच्याकडे आधीच आला होता. डॉक्टरांनी मला फोनवर बजावलं, “यात निकोटीन भलतंच जास्त असावं. याच मालाच्या आणखी बाटल्या कुठे असतील तर आजच शोधा. पुढचा माणूस माझ्यापर्यंत पोचेलच असं नाही.”

मी बाटलीवरचं लेबल वाचलं. बॅच नंबर सतरा. निकोटीनचं प्रमाण. खाली ‘तपासले’ आणि निळ्या पेनाची बारीक सही. गावठी दारूपासून नकली खतापर्यंत सगळं पकडलेल्या मला हसूच आलं. चोरटा धंदा करणारा स्वतःचा माग पुसतो, हा तर नंबर घालून सही करत होता. मी हवालदारांना म्हणालो, “अण्णा, हा दोन नंबरवाला नाही. हा कुठल्यातरी फॅक्टरीत माल तपासणारा माणूस आहे. हाताची सवय सुटत नाही त्याची.”

“सरी सार,” म्हणजे कानडीत ‘बरं साहेब’, म्हणत अण्णा कामाला लागले. मुलीच्या ऑफिसातला एक मित्र आधी उडवाउडवी करत होता. ती कोणत्या अवस्थेत आहे हे सांगितल्यावर त्याने मान खाली घालून बाटली विकणाऱ्याचा फोन नंबर दिला. दुपारपर्यंत आम्ही बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत होतो. बिस्किटांना लागणारे इसेन्स बनवणाऱ्या एका कारखान्यात हा गडी गुणवत्ता तपासणीस होता. त्याच्या भाड्याच्या खोलीत पंचांसमोर कपाट उघडलं, तर प्रत्येक बॅचची एकेक शिशी ओळीने मांडलेली आणि शेजारी रजिस्टर. मालाचा नमुना राखून ठेवायची कारखान्याची शिस्त त्याने बेकायदा धंद्यातही पाळली होती.

तो घाबरला नाही, उलट दुखावला. बेळगावकडचा होता.

“माझ्या मालानं कुणाला काय होत न्हाई साहेब. माझं लेबल लावून नकली फिरायलंय बाजारात. ही बघा सतरा नंबरची शिशी. तपासून घ्या की!”

“घेतो. पण सतराच्या बाकीच्या बाटल्या कुणाकुणाकडे आहेत?”

“ते न्हाई सांगणार. विश्वासानं घेतात माझ्याकडनं. त्यांना कशाला गुंतवू?”

पंचनामा उरकला, मुद्देमाल सीलबंद केला, त्याला ठाण्यात आणलं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागणार होते आणि आमच्याकडे दिवस नव्हते. मी आवाज चढवला नाही. माझा अनुभव असा, की माणसाला गुन्ह्याबद्दल विचारलं की तो तोंड मिटतो. कामाबद्दल विचारलं की सुटतो. चहा मागवून मी त्याला कारखान्याचंच विचारलं. त्याने अख्खा टँकर कसा परत पाठवला, मालक चिडला तरी सही कशी केली नाही, सगळं रंगवून सांगितलं. मग मी त्याचंच रजिस्टर त्याच्यापुढे उघडलं.

रंग, वास, घट्टपणा, सगळीकडे बरोबरच्या खुणा. निकोटीनच्या रकान्यात मात्र पहिल्या तीन बॅचना आकडे होते. चौथीपासून पुढे एकच शब्द, ‘लेबलप्रमाणे’.

“हे काय?”

“निकोटीनचा कॅन बाहेरनं येतोय, त्याच्या लेबलावरचाच आकडा धरतोय. देणारा माणूस चांगला हाय साहेब. तीनदा मोजलं, तिन्हीदा बरोबर आलं.”

“कारखान्यात तीनदा बरोबर आलेला माल चौथ्यांदा न मोजता घेतोस?”

तो रजिस्टर जवळ ओढून सतराव्या ओळीवर बोट ठेवून बसला.

“सतराला नवीन कॅन फोडला होता,” तो हळूच म्हणाला. “वास उग्र लागला. मला वाटलं, ताजा असंल.” मग त्याने स्वतःहून मोबाईल मागितला.

बारा बाटल्या, बारा फोन. माझ्यासमोर, स्पीकरवर. कुणी लगेच ऐकलं, कुणी घाबरून फोन ठेवला आणि अण्णांना दारात जावं लागलं. इथे नोकरीला आलेला एक पुण्याचा मुलगा मात्र हसायलाच लागला. “दादा, रिलॅक्स. बाकीच्यांच्या मालाचा प्रॉब्लेम असेल. तुझं प्युअर असतं. डोळे झाकून विश्वास आहे आपला. तूच म्हणतोस ना, तपासलेलं असतं?”

“न्हाई तपासलं!” तपासणीस खुर्चीतून उठून ओरडला. “ऐकायलास का? मी तपासलं न्हाई! बाटली खाली ठेव!”

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला पाठ आहे. तरी इतकी खरी कबुली मी नोकरीत दुसरी ऐकली नाही. संध्याकाळपर्यंत बाराही बाटल्या जमा झाल्या. पुढे अहवालात सतरा नंबरच्या शिशीतलं निकोटीन लेबलाच्या कितीतरी पट निघालं. नकली माल कुठे नव्हताच. मुलगी वाचली. तिचे वडील डबा परत न्यायला आले तेव्हा नुसता माझा हात धरून उभे राहिले. 

आरोपपत्र दाखल झाल्यावर मी आमच्या ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीचं रजिस्टर काढलं. दर महिन्याला त्यात माझी सही होती, ‘तपासले’. खोलीत शेवटचं पाऊल मी कधी टाकलं होतं, ते आठवेना. अण्णा सांगायचे सगळं ठीक आहे, मी सही करायचो.

“अण्णा, मुद्देमालाच्या खोलीची किल्ली आणा. एकेक सील बघायचंय.”

अण्णांचा चेहरा पडला. “काय झालं सार? माझ्यावर विश्वास नाही?”

“आहे अण्णा. म्हणूनच तर इतकी वर्षं बघितलं नाही. चला, किल्ली आणा.”